बीजगणित की शेतकी?

त्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत एक सायकल शिरली. आधी पुढचं चाक आलं, मग हँडल, मग लोंबकळणारं कॅरिअर आणि सगळ्यात शेवटी ती सायकल उचलून पायऱ्या चढलेला एक उंच, सावळा, घामाघूम माणूस.

"नमस्कार. क्यारेर मास्तर कुठं भेटतील?"

मी हातातला खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

आता माझा तरी काय दोष होता? एकाहत्तर साल होतं. मी, विजयमाला खोत, सांगलीची बी.एस्सी., बी.एड. झालेली मुलगी, वडूज आणि औंधच्या मध्ये वसलेल्या करंजवटीच्या हायस्कूलात गणित शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत मला शाळेनं एका शिबिराला धाडलं. आठवी झालेल्या मुलांनी नववीला कोणते विषय घ्यावेत, कुणाचा कल कशाकडे आहे, हे त्यांच्याशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलून कसं ठरवायचं, ते तिथं शिकवलं. असं शिकून आलेल्या शिक्षकाला सरकारी भाषेत म्हणायचं 'करिअर मास्तर'. मी परत आले, आणि आमच्या शाळेचा शिपाई अर्जुना यानं मोठ्या हौसेनं माझ्या खोलीवर पाटी रंगवली - 'क्यारेर मास्तर. वेळ चार ते पाच.'

झालं! पंचक्रोशीत बातमी पसरली, की शाळेत सायकलचं क्यारेर दुरुस्त करणारा मास्तर आलाय. बाजाराच्या दिवशी तर रांग लागायची. एकानं नुसतं क्यारेर सुतळीनं बांधून पाठवून दिलं होतं. 'सवडीनं करा' असा निरोप वर.

"मीच ती," मी दात-ओठ खात म्हटलं. "बोला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांत काही तरी लकाकलं.

"तुम्ही? बरं... मग हे बघा. वेल्डिंग लागेल, की नट-बोल्टवर भागेल?"

"अहो, मी सायकली दुरुस्त करत नाही! मी मुलांना विषय निवडायला मदत करते! त्यांच्या आयुष्याचा प्रश्न असतो, कळलं? तुमच्यासारख्यांना नाही समजायचं ते. उचला ही सायकल आणि तिठ्यावर बाळासोच्या दुकानात जा!"

"जातो," तो शांतपणे म्हणाला. "पण बाई... रागावल्यावर तुमचा तास फार चांगला होत असेल. सगळं कसं नीट समजलं मला."

आणि गेला. सायकल खांद्यावर घेऊन, शीळ घालत.

पाच मिनिटांनी हेडसरांचं बोलावणं आलं. आमचे हेडसर, नानासो, खुर्चीत रेलून बसले होते. समोर तोच माणूस.

"या, खोतबाई. हे जोतीराम बाबर. जत तालुक्याकडचे. कोल्हापूरला बी.एस्सी. ॲग्री झालेत, पहिल्या वर्गात. आजपासून आपल्याकडं शेतकी शिकवणार."

पहिल्या वर्गात. म्हणजे या गृहस्थाला 'करिअर' शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक होता! मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी साळसूदपणे छताच्या वाशांकडे पाहत होता, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत होता. माझे कान तापले. राग आला, लय राग आला... आणि खरं सांगू? त्या रागात कुठं तरी मजाही वाटत होती.

पण हेडसरांचं पुढचं बोलणं ऐकलं आणि मजा जागच्या जागी विरली.

"दोघंही आहात म्हणून सांगून टाकतो. पुढच्या वर्षी नववीला मुलं कमी आहेत. दोन विषयांच्या दोन तुकड्या निघायच्या नाहीत. एक तर बीजगणित-शास्त्र चालू राहील, नाही तर शेतकी. परीक्षा झाल्यावर मुलांची पसंती घेऊ. जिकडं मुलं जास्त, तो विषय राहील... आणि तो शिक्षक राहील. तुम्ही दोघंही टेंपरवारी आहात, माझा नाइलाज आहे."

मी आणि बाबर सर एकमेकांकडे पाहतच राहिलो. दोघांपैकी एक जण जूनमध्ये इथं असणार नव्हता.

माझ्यासाठी हा काही नुसता नोकरीचा प्रश्न नव्हता. नोकरी गेली की सांगलीला परत, आणि सांगलीला परत म्हणजे बोहल्यावर. आमचा वाळव्याकडं ऊस. बाबांचा एकच हिशोब - पोरगी द्यायची ती पाण्याच्या गावात. कृष्णाकाठचा एक ऊसवाला त्यांनी हेरूनही ठेवला होता. त्याला मी एकदा पाहिलं होतं. तो तासभर त्याच्या पाणी उपसायच्या इंजिनाबद्दल बोलला आणि मला जेवढं विचारलं ते एवढंच - चहात साखर किती घालता?

करंजवटी मला सोडायची नव्हती. इथं मला कुणी तरी बाई म्हणत होतं, मुलं फळ्याकडं डोळे विस्फारून पाहत होती. इथलं माळरान, इथली कडक भाकरी, सगळं माझं झालं होतं.

बाहेर आल्यावर मी ताठ मानेनं म्हटलं, "बाबर सर, सांगून ठेवते. मी हरणार नाही."

"हरू नकाच," ते म्हणाले. "पण एक बघा, बाई. बीजगणितातसुद्धा बीज आहेच. म्हणजे तुमचा अर्धा विषय तसा माझाच झाला की!"

आणि पुन्हा ते हसू.

हेडसर मोठे बेरकी. त्यांनी फर्मान काढलं, की पालकांच्या भेटीला दोघांनी बरोबरच जायचं. "म्हणजे एकमेकांवर नजर राहील," ते म्हणाले. नजर राहिली खरी. त्यांना वाटली तशी नाही, एवढंच!

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही निघायचो. माझी लेडीज सायकल, त्यांची ती खडखडणारी. मार्चचं ऊन, दोन्ही बाजूंना ज्वारी काढून मोकळी पडलेली रानं, मधूनच गरगरत उठणारी वावटळ. धूळ आली की ते सायकल माझ्या पुढं काढायचे. मला वाटायचं, शर्यत लावतात. एकदा मी चिडून म्हटलंही, "कशाला पुढं पुढं करता?" ते तसेच पुढं राहिले. गावात पोचल्यावर पाहिलं तर त्यांचे केस, भुवया, मिशा सगळं धुळीनं पांढरं झालेलं, आणि माझी साडी तशीच्या तशी. ज्या घरी गेलो तिथली बाई म्हणाली, "आवं, ह्ये म्हातारं मास्तर कोन आनलं?" मी हसून हसून ओट्यावरच बसले.

पण घराघरात बाबर सरांची पंचाईत व्हायची.

"शेतकी?" लोक म्हणायचे. "आवं मास्तर, शेतीतनं सुटावं म्हून तर पोराला साळंत घातलं! ढेकळं फोडाय साळा कशाला पायजे?"

आणि माझ्या विषयाचं नाव काढलं की म्हणायचे, "गनित? चाललं की! पोरगा विंजेनेर व्हतोय न्हवं?"

मला आतून गुदगुल्या व्हायच्या. सर मात्र न चिडता मातीबद्दल, बियाण्याबद्दल सांगत राहायचे. हातात ढेकूळ घेऊन असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला ते ढेकूळ घरी न्यावंसं वाटावं. आवेशात आले की मधेच कानडी शब्द निघून जायचा. "हौदु, हौदु... म्हणजे हो हो," असं म्हणून स्वतःच लाजायचे. ते लाजले की मी खाली पाहायची. का, ते तेव्हा मला कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि मी कबूल करत नव्हते.

एका शनिवारी आम्ही ज्ञानूच्या घरी गेलो. ज्ञानू आठवीतला. गणिताच्या तासाला त्याचा जीव नुसता कासावीस व्हायचा. पण त्याच्या परसात मी पाहिलं, तर रानबोरीवर त्यानं गोड बोरीचा डोळा भरून कलम केलेलं, आणि ते असं तरारून फुटलेलं! त्याचा बाप म्हणाला, "बाई, ह्येला गनितातच घाला. चुलतभाऊ पुन्यात कारखान्यात हाय त्येचा."

होय म्हणणं किती सोपं होतं! एक मूल माझ्या बाजूला. पण ज्ञानू माझ्याकडं असा पाहत होता... शिबिरात काय शिकले होते मी?

"दादा," मी त्याच्या बापाला म्हटलं, "याला शेतकी द्या. गणितात हा कसाबसा ढकलला जाईल. शेतकीत तो पहिला येईल."

परतताना बाबर सरांनी सायकल माझ्या बरोबरीला आणली. मग म्हणाले, "बाई, नुकतीच इलेक्शन झाली. अशी आपली मतं दुसऱ्याच्या पेटीत टाकणारा उमेदवार मी नव्हता पाहिला."

"मुलं म्हणजे मतं नव्हेत," मी फणकारले.

"नव्हेत," ते हळूच म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

आवाज वेगळाच होता. माझी सायकल उगीचच दगडावरून गेली.

आणि मग ती कोंडीबाची भेट.

कोंडीबाची वस्ती गावापासून लांब, माळाच्या टोकाला. मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, म्हातारी आई रंगुबाई आणि एकुलती एक लेक बनाबाई. सगळे तिला बनू म्हणायचे. काय पोरगी होती! भूमितीचा सिद्धांत सांगितला की हात वर करून विचारायची, "बाई, ह्ये असंच का? उलटं का न्हाई?" मी बी.एस्सी. होऊन हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ती माझ्या वर्गात यावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

आम्ही घोंगड्यावर टेकलो. रंगुबाईनं ताक दिलं. मी इतकी उतावीळ झाले होते, की घोटभर ताक पिऊन सरळ विषयाला हात घातला. पदर सावरला, हात जोडले आणि म्हटलं,

"आजी, एकच मागणं घेऊन आलेय. तुमची बनू मला द्या."

बनूचा चेहरा पडला. कोंडीबानं बिडी विझवली. रंगुबाईनं डोळे बारीक करून आधी माझ्याकडं, मग बाबर सरांकडं निरखून पाहिलं.

"कुनासाठी गं? ह्याच्यासाठी?" तिनं सरांकडं बोट केलं. "आगं बया! पोरगी आजून परकरात हाय आन ह्यो केवढा घोडा! ह्यो जून हाय. ह्याला तुज्यावानीच बाईल पायजे. तूच का करत न्हाईस ह्येला?"

सरांना ताकाचा असा ठसका लागला, की कोंडीबा त्यांच्या पाठीवर बुक्के घालू लागला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी त्यात जावं. मुलगी द्या! काय बोलून बसले होते मी? सांगलीची शिकलेली बाई, आणि सोयरीक जुळवायला निघाल्यासारखी बोलले!

"न... नाही हो आजी, वर्गात! माझ्या वर्गात द्या. नववीला. बीजगणिताला!"

"आस्सं व्हय?" रंगुबाई खुदकन हसली. "मंग सरळ बोल की. पर म्या बोलले ते काय खोटं न्हाई."

बनू तोंडावर परकर धरून हसत आत पळाली. मी मान वर केली नाही. पण सरांची मान तिरकी होऊन माझ्याकडं वळली होती, हे मला न बघताही समजलं.

कोंडीबा मात्र हसला नाही. "बाई," तो म्हणाला, "पोरीला गनित देऊन काय करू? भाकरी मोजाय लावू?"

माझा पारा चढणार तेवढ्यात सरच पुढं सरले. "कोंडीबा, मी शेतकीचा मास्तर आहे. बनू माझ्याकडं आली तर माझाच फायदा. तरी सांगतो, तिला बाईंच्या वर्गात घाल. असं डोकं मी कॉलेजातसुद्धा थोडं पाहिलं."

मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, मुलं जवळजवळ सारखी वाटली गेली होती. एकेक नाव आता भारी होतं. आणि हा माणूस आपल्या हातानं आपलं पारडं हलकं करत होता... मी ताकाचा तांब्या घट्ट धरला.

कोंडीबा बराच वेळ दाढी खाजवत बसला. मग म्हणाला, "मास्तर, तुमी म्हंतासा तर देतो. पर येक भ्या हाय. साळंत मास्तर ऱ्हात न्हाईत. आगुदरचं गनिताचं मास्तर निम्म्यात गेलं, पोरं बोंबलत बसली. पोरीला आडात सोडायची आन वरनं दोर कापायचा, आसं व्हायला नगं. ह्या बाई मॅट्रिकपातुर ऱ्हातील का?"

"राहीन," मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं. "हा वर्ग निघाला तर बनू मॅट्रिक होईपर्यंत मी करंजवटी सोडणार नाही. माझा शब्द."

तेव्हा मला तो शब्द किती हलका वाटला होता!

परतीला ऊन उतरलं होतं. आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. दोघांनाही बसून दामटावंसं वाटत नव्हतं. कडुनिंबाच्या मोहोराचा कडुगोड वास येत होता.

शेवटी सर खाकरले. "बाई... आजींचा सल्ला कसा वाटला?"

"कुठला?"

"तोच... जून माणसाबद्दलचा."

"मोठ्या माणसांचा सल्ला," मी समोर बघत म्हटलं, "नीट विचार करून घ्यावा म्हणतात."

"मग विचार करताय?"

"तुम्ही करताय का?"

"मी... " ते थांबले. त्यांच्या हातातली सायकलही थांबली. "बाई, माझ्या गावी विहिरीचा तळ वरून दिसतो. तुम्हीच सांगितलंय, तुमचे बाबा पहिला प्रश्न विचारतील, पाणी किती? मी काय सांगू?"

मी काही बोलणार, तोच मागून मेंढरांचा कळप आला आणि आमच्या मधून बें-बें करत वाहायला लागला. ते पलीकडं, मी अलीकडं. कळप संपता संपेना. आणि संपला तेव्हा आम्ही दोघंही उगीचच शाळेतल्या परीक्षेबद्दल बोलायला लागलो.

एप्रिल संपता संपता मुलांच्या पसंतीचा निकाल लागला. हेडसरांनी दोघांना बोलावलं.

"बीजगणित," ते म्हणाले. "थोडक्यात, पण बीजगणित. खोतबाई, अभिनंदन."

मी उडीच मारली! हो, हेडसरांच्या खोलीत, लहान मुलीसारखी. राहिले! करंजवटी राहिली, बनू राहिली, ऊसवाला गेला! आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला हे सांगावं असं वाटलं त्याच्याकडं मी वळले... आणि तो माणूस हात जोडून उभा होता.

"अभिनंदन, बाई. ज्ञानूसारख्यांसाठी शाळेमागं मी लावलेली परसबाग तेवढी चालू ठेवा."

मी जिंकले होते. आणि जिंकण्याचा अर्थ मला तेव्हा, त्या मिनिटाला कळला. जूनमध्ये धुळीत माझ्यापुढं सायकल काढणारं कुणी नसणार होतं.

त्यानंतरचे दिवस मी धुमसत काढले. मला वाटलं, आता तरी बोलतील. पण नाही! जतकडच्या एका शाळेत त्यांना शेतकीची नोकरी मिळाली, हेसुद्धा मला अर्जुनाकडून कळलं. समोर आले की नमस्कार, पुस्तकं परत, रोपांना पाणी घालायच्या सूचना. मला त्यांच्या त्या रोपांचा हेवा वाटायला लागला.

"आज सांजच्या गाडीनं निघाल्यात बाबर सर," अर्जुना एके दिवशी म्हणाला. "मगाच वडूजला गेलं. तुमास्नी निरोप सांगा म्हनलं."

"काय निरोप?"

"सुखी ऱ्हावा म्हनलं."

सुखी राहा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सायकल काढली. वडूजपर्यंत कशी गेले, देव जाणे. केसांचा अंबाडा सुटला, चपलेचा अंगठा तुटला. स्टँडवर पोचले तेव्हा जतची गाडी लागलेली, आणि हे महाशय ट्रंकेवर बसून शेंगा खात होते.

"सुखी राहा म्हणे!" मी सायकल त्यांच्यापुढं आदळली. "कुणाच्या जिवावर?"

ते ताडकन उठले. शेंगा सांडल्या. "बाई... तुम्ही?"

"काही विचारायचं नव्हतं मला? काहीच नाही?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. स्टँडवरची माणसं आमच्याकडं वळली होती. मला त्याची पर्वा नव्हती.

"विचारायचं होतं," ते खाली बघत म्हणाले. "रोज. पण बाई, तुम्ही कोंडीबाला शब्द दिलाय. मी विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर जतला यावं लागेल आणि तुमचा शब्द मोडेल. नाही म्हणालात... तर मी मोडेन. म्हणून म्हटलं, नकोच विचारायला."

माझा राग कुठल्या कुठं पळाला. असा कसा हा माणूस! माझा शब्द माझ्यापेक्षा जपून ठेवणारा...

"आणि मी दोन्ही म्हटलं तर?"

"दोन्ही?"

"हो आणि नाही. लग्नाला हो. जतला नाही." माझं मलाच नवल वाटलं, पण जीभ थांबेना. "आत्ता नाही. बनू मॅट्रिक होऊ दे, मग बघू. तोवर तुम्ही तिकडं, मी इकडं."

"लग्न करून... वेगळं?"

"का? या मुलखात निम्म्या बायकांचे नवरे जम्मूला आणि आसामात आहेत. वर्षातून एकदा रजेवर येतात. म्हणून त्यांची लग्नं काय खोटी झाली? त्यांना कुणी नावं ठेवतं? उलट मान देतात. फौजीची बायको राहते तशी मी राहीन. आणि तुम्ही तर काय, जतला! जत काय चीनच्या हद्दीवर नाही!"

मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू उगवायला लागलं. सावकाश, कोपऱ्यातून, आणि या वेळी त्यांनी ते दाबलं नाही.

"रजा वर्षातून एकदाच मिळणार?"

"वागणुकीवर आहे."

"शनिवारी अर्धी शाळा असते," ते म्हणाले. "निघालो की अंधार पडायच्या आत पोचतो."

"मंजूर."

"पण विजयमाला..." पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं, आणि मला स्टँडवरचा सगळा गोंगाट बंद झाल्यासारखा वाटला. "तुमचे बाबा? त्यांना पाण्याचा जावई हवा."

"लग्न मला करायचंय. मला नवरा हवाय, नदी नको. तसंच सांगा त्यांना. आधी ओरडतील. मीपण त्यांच्यावरच गेलेय. ओरडून झालं की ऐकतात."

"मी सांगू?"

"मग काय हेडसरांना पाठवू?"

कंडक्टरनं घंटी मारली. "ओ मास्तर, येताय का ऱ्हाताय?" सरांनी ट्रंक उचलली, गाडीत चढले, खिडकीशी बसले. गाडी घरघरायला लागली. मी खिडकीचा गज धरून उभी. कंडक्टर तिकिटांची पेटी टकटक वाजवत त्यांच्याजवळ आला.

"जत ना?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या सुटलेल्या केसांकडं, तुटक्या चपलेकडं, आणि मग सरळ डोळ्यांत.

"न्हाई. सांगली."

"आवं, ही गाडी सांगलीला जात न्हाई. विट्यात उतरून बदलावी लागंल."

"बदलतो की!" ते म्हणाले.

गाडी हलली. मला एकदम आठवलं, यांना घर कुठं ठाऊक आहे! मी पदर खोचला आणि एसटीच्या बरोबरीनं धावत सुटले.

"खणभागात!" मी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडले. "पिठाच्या गिरणीसमोर! खोतांचं घर विचारा, कुणीही सांगेल!"